बोलता रस

लग्न होऊन केशोरीजवळच्या गावात आले, त्या पहिल्याच पावसाळ्यात सासूने मला एका मडक्याला कान लावायला सांगितलं. साल नव्व्याण्णव. मी गोंदियाची, भर बाजारात वाढलेली, माहेरी निम्मं बोलणं हिंदीत. मला वाटलं, नव्या सुनेची फिरकी चालली आहे. पण बाई गंभीर होती.

"आयक," म्हणाल्या, "बोलून राहिला का नाही?"

कान लावला. आत खरंच काहीतरी चाललं होतं. भिंतीपलीकडे दोन बायका हलक्या आवाजात कुणाची तरी उणीदुणी काढत असाव्यात, तसा आवाज. मी म्हटलं, "मामी, आत काय आहे?" आमच्याकडे सुना सासूला मामीच म्हणतात.

"जांभराचा रस," त्या म्हणाल्या. जांभूळ मी शहरात खाल्लं होतं, जांभूर इथे येऊन शिकले.

आमचं घराणं कोहळी समाजातलं. गावचा तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधला, असं आमचे लोक सांगतात आणि दुसरं कोणी ऐकत नसलं तरी सांगत राहतात. त्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जांभळाची झाडं होती. मोठ्या, गरदार जांभळांकडे मामी बघायच्याही नाहीत. पाळीच्या टोकाला एक वाकडं झाड होतं, त्याची फळं बारीक आणि खायला अगदी तुरट. रसाला तीच लागायची. "मोठं जांभूर नुसतं गोड बोलते," त्या म्हणायच्या. "गोड बोलनाऱ्यावर भरोसा नाही ठेवावा." हे म्हणताना त्या माझ्याकडे बघायच्या, कारण सुरुवातीला मी फार गोड बोलत असे.

जांभळं हाताने कुस्करायची, बिया काढायच्या, गूळ घालायचा, पाण्याचा थेंब नाही. मडक्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधायचा आणि ते तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, अंधाऱ्या खोलीत ठेवायचं. बोलणं मंदावलं की गाळायचं आणि जाड काचेच्या बाटल्यांत भरायचं. त्या बाटल्या भंगारवाल्याकडून यायच्या. आधी त्यांत काय होतं, हे कोणी विचारत नसे, आणि राखेने घासल्यावर बाटली सांगतही नसे. प्रत्येक बाटलीत नखाएवढा गूळ टाकायचा, चिंधी गुंडाळलेलं बूच दाबायचं, वरून सुतळीने आवळायचं. मग त्या धानाच्या कोंड्यात उभ्या करायच्या. उभ्याच. एकदा मी जागा पुरावी म्हणून दोन बाटल्या आडव्या ठेवल्या, तर मामी केवढ्या ओरडल्या. "बाटली आडवी नोको करू! बूच उडते!"

त्या वाक्यावर पुढे आम्ही किती हसणार होतो आणि किती नाही, ते तेव्हा माहीत नव्हतं.

बाटली उघडली की आधी फस्स आवाज, मग गुलाबी फेस, आणि त्याखाली लाल रस. बाटलीत काळपट दिसणारा हा रस काचेच्या पेल्यात ओतून उजेडात धरला की स्वच्छ लाल व्हायचा. पहिल्या घोटाला जीभ तुरट, नाकात झिणझिण्या, आणि गिळल्यावर मागून हळूच गोडी. पाऊस फार झाला त्या वर्षी रस पातळ आणि पोरकट लागे. उशिरा आला त्या वर्षी रसाला चांगलाच बाणा असे. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला. एवढ्या करड्या बाईच्या हातून एवढं खेळकर काही निघतं याचं मला नवल वाटे, आणि ते नवल मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

हा रस मुख्यतः रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायकांसाठी असे. धानाचे परे लावताना दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडते. रोवणा संपायच्या दिवशी शेवटची बांधी, शेवटचं खाचर, लावून झालं की सगळ्या बायका आमच्या अंगणात यायच्या, पाय धुवायच्या, आणि मामी प्रत्येकीला पेला भरून द्यायच्या. पहिला पेला पिईतोवर सगळ्या थकलेल्या, गप्प. दुसऱ्याला गाणी. तिसरा मामी कोणालाच देत नसत. "जास्त पेलं तं पोट बिघडते," म्हणायच्या.

मामींचं माहेर चिचगडकडचं, जंगलातलं. तिकडे मोहफुलं वेचायची, वाळवायची, आणि त्यांचं काय करायचं हे घराघरात ठाऊक. रस त्या आपल्या आईकडून शिकल्या आणि त्याबरोबर एक नियमही. "विस्तव लागला तं दारू. विस्तव नाही लागला तं रस." मोहाच्या हंड्याखाली जाळ लागतो, म्हणून ती दारू. जांभूर आपल्या मनाने फुगतं, त्याच्याखाली कोणी काडीही ओढत नाही, म्हणून तो रस. "पीठ फुगते रातभर," त्या म्हणायच्या, "मंग का जिलबीले दारू म्हनता?" त्यांच्याकडच्या सगळ्याच बायका हे मानायच्या.

मी गोंदियात लग्नाच्या वरातींमागून गाड्यांच्या डिकीत काय उघडतं ते पाहिलेली मुलगी. हा रस काय आहे ते मला दुसऱ्या पेल्यालाच कळलं होतं. पण मला वाटलं, हे सगळ्यांनाच कळतं आणि शिष्टाचार म्हणून कोणी बोलत नाही. माझ्या माहेरी एक काका कफ सिरपच्या नावाखाली ब्रँडी घ्यायचे आणि सगळं घर त्यांच्या खोकल्याची काळजी करायचं. तसंच हे, असं मी धरून चालले.

पहिल्या वर्षी बाटल्या भरताना मामींनी मला सासऱ्यांचं सांगितलं. ते माझ्या लग्नाच्या आधीच गेले. मोहाने गेले. मोहाची पिऊन लोक ओरडतात, भांडतात. हा माणूस मुका व्हायचा. घरात यायचा, भिंतीकडे तोंड करून बसायचा, समोर ठेवलेलं ताट तसंच राहायचं. वर्षानुवर्षं. "मले वाटे, माह्यं लगन मुक्यासोबत झालं," मामी म्हणाल्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता मोह सोडला तरी फार दिवस नाहीत, आणि नाही सोडला तर त्याहून कमी. तेव्हा मामींनी युक्ती केली. संध्याकाळी मोहाची वेळ झाली की त्याच्यापुढे रसाचा पेला ठेवायच्या. आणि मोह सुटला.

"अन् तो बोलाले लागला, बाई," मामी म्हणाल्या. हातातली बाटली तशीच धरून होत्या. "तलावाचं बोले. लहानपनचं बोले. एक दिवस मले म्हनते, तू जेवली का? उभ्या जन्मात मले कोनी इचारलं नोहतं. मंग रोज इचारे. दोन पावसाळे."

मोह उतरला की आतला चांगला माणूस वर येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच त्या दारूच्या हात धुऊन मागे लागल्या. बचतगटाच्या बायका जमवून कुणाच्या भट्ट्या फोड, कुणाच्या नवऱ्याला चावडीवर उभं कर, हे त्यांचं मी आल्यापासून चालूच होतं. माझा नवरा आईला भिऊन पानसुद्धा खात नसे. दोन हजार दहाच्या आसपास गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान घ्यायचं ठरलं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मामी घरोघर जाऊन एकच वाक्य सांगायच्या, "बाटली आडवी करा वं." आणि घरी आल्या की मला, "बाटल्या उभ्या आहेत ना?"

मी एकदा पोट धरून हसले. "मामी, बाहेर एक आणि घरात एक?"

"कायले हासतेस? ते दारू होय, हा रस होय," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूसही नव्हता. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की बाईला खरंच माहीत नाही.

मतदानाच्या आठवडाभर आधी दुकानदार आमच्याकडे आला. गोंदियाचा माणूस, गोड जिभेचा, भर दुपारी पांढरेशुभ्र कपडे. ओसरीवर बसला. शत्रू असला तरी दारी आलेला पाहुणा, म्हणून मामींनी मला रस आणायला सांगितला. मी चहा ठेवते म्हटलं, दोनदा म्हटलं. पण पाहुण्याला रस द्यायचा हे ठरलेलं. त्याने पेला उजेडात धरून पाहिला, घोट घेतला, तोंडात घोळवला. धंद्यातला माणूस. मग सावकाश सगळा संपवला.

"काकीजी," तो म्हणाला, "माल तो एक नंबर है. लायसन किसका है?"

मामींना कळलं नाही. त्याने मग मराठीत समजावलं, अगदी आदराने. यात नशा आहे. बियर असते ना, तेवढी, थोडी जास्तच. माझ्याकडे सरकारचा कागद आहे, तुमच्याकडे तोही नाही. "मी कोनाले सांगनार नाही. तुमी बी मीटिंगा बंद करा." पेला खाली ठेवून नमस्कार करून गेला.

मामी माझ्याकडे वळल्या. "खरं होय का वं?"

मी म्हटलं, "होय, मामी."

"विस्तव कुठं लागला?"

"विस्तव लागत नाही त्याला. आपोआप होते."

त्यांचा विश्वास बसला नाही. माझ्यावर नाही आणि त्याच्यावर तर नाहीच. त्या स्वतः घोटभराच्या वर कधी घेत नसत, वाढणाऱ्या बाईला कुठला पेला. त्यांनी एक बाटली काढली, सुतळी तोडली, पाट मांडून बसल्या आणि म्हणाल्या, "तू समोर बस. काय होते ते पाय." आणि औषध घ्यावं तशा तोंड वाकडं करत पेल्यामागून पेला पीत गेल्या. मी नको म्हणत राहिले. माझं ऐकायची त्या घरात पद्धतच नव्हती.

थोडा वेळ काही झालं नाही. "पाय, काही नाही होत," त्या विजयाने म्हणाल्या. मग त्यांचे कान लाल झाले. मग त्या हसल्या, कशाला ते मला कळलं नाही. मग बोलू लागल्या. चिचगडच्या जंगलातली एक वाट, आईच्या हाताचा वास, लग्नात हरवलेलं जोडवं. इतक्या वर्षांत ही बाई माझ्याशी एवढं सलग बोलली नव्हती. माझ्यासाठी तिचं बोलणं म्हणजे हुकूम. मीठ घाल, दार लाव, जेवून घे. आता ती माझा हात हातात घेऊन बोलत होती आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटत होतं. घाबरायचं सोडून मी ऐकत बसले.

आणि मध्येच थांबून, मान तिरकी करून, मऊ आवाजात त्या मला म्हणाल्या, "तू जेवली का?"

मी हो म्हणायच्या आत त्यांचा चेहरा बदलला. स्वतःच्या तोंडून निघालेलं त्यांनी ऐकलं होतं. हात सुटला. त्यांनी पेल्याकडे बघितलं.

"असाच बोले तो," म्हणाल्या. "असाच. मी समजली, मोह उतरला."

मी बाटली बाजूला सरकवली.

"म्हंजे तो नोहता बोलत," त्या म्हणाल्या. "हा बोले."

मग त्या रडल्या. नवरा गेल्यावर ही बाई रडली नव्हती, असं गावात सांगतात. त्या दुपारी रडली. "मंग मीच पाजली का त्याले? मीच मारलं का?" मी डॉक्टरांचं त्यांनीच मला सांगितलेलं पुन्हा त्यांना सांगितलं, की दिवस तर आधीच मोजलेले होते, उलट मोहापेक्षा रस सौम्य, त्याने वेळ मिळाला असेल. ते त्यांना पटलंही असावं. पण त्यांचं दुःख त्या माणसाच्या मरणाचं नव्हतंच. अख्ख्या संसारातले ते दोन पावसाळे त्यांनी जपून ठेवले होते, आणि ते त्यांचे होते की बाटलीचे, हे आता त्यांना कळेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात बायकांची सभा होती. मला वाटलं, त्या जाणार नाहीत. कोणाला कळलं नसतं. दुकानदार गप्प राहिला असता आणि मामींचा मान शाबूत राहिला असता. त्या पदराखाली बाटली घेऊन गेल्या. सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली आणि सरळ सांगून टाकलं. "हा रस नोहे. दारू होय. मी तुमाले पाजली. माह्या मानसाले पाजली. मले मालूम नोहतं, पर पाजली तं मीच."

एक म्हातारी रोवणारीण हसली. "आमाले मालूम होतं वं, बाई. दुसऱ्या दिवशी कंबर काऊन दुखत नाही, हे का आमाले समजत नाही?" पण सगळ्या हसल्या नाहीत. जिच्या नवऱ्याला मामींनी भर चावडीवर उभं केलं होतं, ती उठली. "आमच्या मानसाले शिव्या, अन् तुमच्या घरी बाटल्या," म्हणाली आणि निघून गेली. तिच्यामागे आणखी काही जणी. मामींनी कोणाला अडवलं नाही. त्यांनी टेबलावरची बाटली हाताने आडवी केली.

बूच उडालं. लाल फेस टेबलावरून त्यांच्या लुगड्यावर, समोरच्या पोरींवर, भिंतीवर. पोरी किंचाळल्या. "ही बी आडवी," मामी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मतदानात बाटली आडवी झाली, थोडक्यात झाली. दुकान गेलं, म्हणजे पलीकडच्या गावाच्या शिवेत गेलं, आणि पिणाऱ्यांची पायपीट तेवढी वाढली. उठून गेलेल्या बाईने मत कशाला दिलं, ते तिने सांगितलं नाही. मामींशी ती पुढे वर्षभर बोलली नाही. कोंड्यातल्या बाकीच्या बाटल्या मामींनी स्वतः पाळीवर नेऊन त्या वाकड्या झाडाच्या बुंध्याशी ओतल्या. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, दोन तरी ठेवायला हव्या होत्या असं मला वाटलं.

पुढच्या जूनमध्ये जांभळं पिकली आणि सडा पडू लागला. मामी दोन-तीन दिवस पाळीकडे गेल्याच नाहीत. मग एका सकाळी टोपली भरून घेऊन आल्या. "रोवन्याच्या बायांले काही तं द्या लागते," म्हणाल्या. फुगू नये म्हणून काय करायचं, असं त्यांनी मला विचारलं. मला काही विचारायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"उकळायचं," मी म्हटलं. "उकळलं की फुगत नाही."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हंजे विस्तवावर ठेवाचा?"

"होय."

सगळा जन्म ज्याला विस्तवापासून जपलं, ते दारू होऊ नये म्हणून आता विस्तवावर ठेवायचं होतं. मी चुलीत काड्या सारल्या. मामींनी रसाचा गंज, म्हणजे पातेलं, उचलला, पण चुलीवर टेकवेनात. शेवटी आम्ही दोघींनी मिळून तो ठेवला. रसाला उकळी आली, घरभर गोड वास सुटला. निवल्यावर मामींनी सवयीने गंजाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"नाही बोलत," म्हणाल्या.

मग चव घेतली. गोड होता, चांगला होता. फेस नव्हता, नाकात झिणझिण्या नव्हत्या. त्यांनी मला पेला भरून दिला आणि समोर बसल्या. "येक सांग," म्हणाल्या. "रस नसता पेला तो, तं 'जेवली का' असं त्याले इचारताच आलं नसतं का वं?"

याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. तसं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. चुलीतली लाकडं मागे ओढली, हात लुगड्याला पुसले. आणि मग, पोटात रसाचा एक घोट, तोही उकळलेला, अशा त्या बाईने माझ्याकडे न बघता, अवघडून, शब्द जड जात असल्यासारखं विचारलं.

"तू जेवली का?"

मी जेवले होते. मी नाही म्हटलं आणि दोन ताटं घेतली.